उद्धट, उनाड, ढ... की घाबरलेलं?



30 सप्टेंबर 1993. गणेश विसर्जन उरकून लातूर-उस्मानाबादकडची गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरातली दगड-मातीची घरं कोसळली. हजारो माणसं गेली. भूकंप काही सेकंदांत थांबतो, पण वाचलेल्याच्या मनातला थांबत नाही. यालाच आघात म्हणतात.

असा भूकंप एखाद्या घरापुरताही होतो. वडिलांची आत्महत्या, रोजची दारू आणि मारहाण, आईचा अपघात... आणि ते मूल दुसऱ्या आठवड्यात आपल्या वर्गात येऊन बसतं.

धोका जाणवला की मेंदू शरीराला सांगतो : लढ, पळ किंवा गोठून जा. आघातानंतर ही धोक्याची घंटा किरकोळ कारणानेही वाजते. बाक आपटला, कुणी ओरडलं, की एक मूल अंगावर धावून जातं, दुसरं वर्गाबाहेर पळतं, तिसरं प्रश्न विचारला तरी नुसतं उभं राहतं. आपण पहिल्याला उद्धट म्हणतो, दुसऱ्याला उनाड, तिसऱ्याला ढ. तिघंही घाबरलेली असू शकतात!

मग काय करायचं?

1. आधी आपला आवाज खाली आणा. मोठं माणूस शांत असेल तरच मूल शांत होतं.
2. "असं का केलंस?" ऐवजी "काय झालं रे बाळा?" विचारा. तेही एकट्याला, सगळ्यांसमोर नको.
3. सांगायचा आग्रह धरू नका. "मी इथेच आहे" एवढं पुरे.
4. दिवसाचा क्रम ठरलेला ठेवा. पुढे काय होणार हे कळलं की भीती कमी होते.
5. त्रास आठवडेच्या आठवडे टिकला, तर समुपदेशकाची मदत घ्या. टेली-मानसचा 14416 आणि मुलांसाठीचा 1098 हे क्रमांक मोफत आहेत.

याचा अर्थ शिस्त सोडायची असा नाही. मारलं तर थांबवायचंच, पण पाणउतारा न करता.

मुख्याध्यापकांनाही एक विनंती. ज्या शिक्षकाला चारचौघांत झापलं जातं, तो वर्गात जाऊन मुलांशी मायेने कसा बोलणार? त्याच्याही घरी काही घडलेलं असतं. त्याला खुर्ची द्या, दहा मिनिटं ऐका, गरज पडली तर एक तास त्याचा वर्ग सांभाळा. करुणा वरून खाली झिरपते, आणि भीतीसुद्धा.

उद्या हजेरी घेताना प्रत्येक नावापाशी मुलाच्या चेहऱ्याकडे एकदा बघा. सुरुवात तिथूनच होईल.