खाणीच्या देशात कोळसा महाग का झाला? पोलंडकडून शिकूया लँडेड कॉस्ट

लँडेड कॉस्टच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता: "सर, खरेदीभाव कमी झाला तरी माल परवडत नाही, असं कसं?" त्याचं एक जबरदस्त उदाहरण सांगतो, पोलंडच्या कोळशाचं.

पोलंड हा युरोपियन युनियनमधला दगडी कोळशाचा सगळ्यात मोठा उत्पादक. तरीही 2021 मध्ये त्याने रशियाकडून सुमारे 8 दशलक्ष टन कोळसा घेतला. का? कारण तिथल्या खाणींतून निघणारा बराचसा माल बारीक, वीज केंद्राला चालणारा. घरातल्या शेगडीला लागतो खडा. तो रशियातून रेल्वेने यायचा, चांगला आणि स्वस्त. घर तापवायला कोळसा जाळणारी युरोपियन युनियनमधली बहुतेक कुटुंबं पोलंडमध्येच आहेत, म्हणजे गिऱ्हाईक पक्कं!

मग युक्रेन युद्ध सुरू झालं. एप्रिल 2022 मध्ये पोलंडने रशियन कोळसा बंद केला, ऑगस्टपासून युरोपियन युनियननेही. आधी साधारण हजार झ्लॉटीला मिळणारा टन तीन हजारांवर गेला. ऑगस्टच्या उन्हात बोगडांका खाणीबाहेर लोक गाड्या घेऊन दिवसेंदिवस रांगेत उभे होते. हिवाळा तीन महिन्यांवर आलेला, करणार काय?

माल आता कोलंबिया, दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया अशा ठिकाणांहून जहाजाने यायला लागला. इथेच खरा धडा आहे. जहाजातला माल म्हणजे खडा आणि भुकटी एकत्र. बंदरावर उतरवून चाळायचा, त्यात खडा थोडाच निघतो.

आता वही काढा. आकडे समजायला धरलेत, प्रत्यक्षातले नाहीत. समजा 100 टन माल बंदरात 1,400 झ्लॉटीने पडला, म्हणजे 1,40,000. चाळणी आणि वाहतूक 8,000. एकूण 1,48,000. खडा निघाला 25 टन. उरलेली 75 टन भुकटी वीज केंद्राला 1,000 ने गेली, 75,000 परत आले. राहिले 73,000, भागिले 25. खडा पडला 2,920 झ्लॉटी टन! बिलावर मात्र 1,400 च लिहिलंय.

पुढे बघा. भुकटीचा भाव 600 झाला तर? हातात 45,000 च येतात आणि तोच खडा 4,120 ला पडतो. कोळशाचे भाव उतरले म्हणून गिऱ्हाईक खूश, आणि तुमचा खर्च वाढलेला. डाळ-तांदळाच्या धंद्यातल्या लोकांना चुरी आणि कणीचा हिशेब माहीत असतो, त्यांना हे लगेच कळेल.

त्यात डॉलर. कोळसा डॉलरमध्ये घ्यायचा, विकायचा झ्लॉटीत. 2022 च्या सुरुवातीला डॉलर चार झ्लॉटीच्या आसपास होता, सप्टेंबरअखेर पाचाला टेकला. ऑर्डर दिली एका दराने, पैसे भरले दुसऱ्या दराने.

सरकारचं काय? आधी म्हणाले, 996.60 झ्लॉटीने विका, फरक आम्ही भरू. पण भरपाई धरूनही खरेदी निघेना, मग विक्रेते पुढे येतील कसे? (मीही आलो नसतो.) मग थेट कोळसा वापरणाऱ्या कुटुंबाला 3,000 झ्लॉटी दिले. शरद ऋतूत ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थांना 1,500 पर्यंतच्या भावाने कोळसा पुरवला आणि त्यांनी लोकांना जास्तीत जास्त 2,000 ने विकायचा, असा कायदा केला. आता ज्या छोट्या डेपोवाल्याचा माल 2,920 ला पडलाय, त्याने काय करायचं? त्याची काही चूक नव्हती. टंचाई होती, त्याने माल भरला. पण त्याच्यासमोर अचानक सरकारच दुकान टाकून बसलं.

शेवट असा झाला की युरोपच्या बंदरांत मार्च 2022 मध्ये टनाला 400 डॉलरच्या वर गेलेला भाव 2023 च्या वसंतात दीडशेच्या खाली आला. हिवाळाही फार कडक पडला नाही. घाईने मागवलेल्या कोळशाचे ढीग तसेच पडून राहिले, आणि स्थानिक संस्था विचारायला लागल्या की उरलेल्याचं करायचं काय.

आज एवढंच करा: तुमच्या दुकानातली एक वस्तू घ्या, जिच्यात निवड, फूट किंवा वजनाची घट होते. मागच्या तीन बिलांवरून तिची खरी पडताळ किंमत काढा आणि दुय्यम माल निम्म्या भावात गेला तर काय होईल, तो आकडा शेजारी लिहा.