निवडणुकीची तारीख आणि ऊसतोडीचा हंगाम

राज्यशास्त्राच्या तासाला निवडणूक म्हटली की मतदार, उमेदवार आणि पक्ष यांचीच चर्चा होते. तारीख ही कचेरीतील व्यवस्थेची बाब समजली जाते. मला मात्र वाटते की, मत कोण देणार आणि कोणाचे राहून जाणार, हे पुष्कळसे तारखेवरच ठरते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जळगाव व रावेरला १३ मे रोजी मतदान झाले, तर धुळ्याला २० मे रोजी. या तारखांमागे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ३० आहे. अधिसूचनेनंतर सातव्या दिवशी अर्जांची मुदत संपते, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघार आणि माघारीनंतर किमान चौदाव्या दिवशी मतदान. जळगावची अधिसूचना १८ एप्रिलची होती. माघार २८ ला यायची, पण तो रविवार; म्हणून २९. तेथून चौदावा दिवस १३ मे.

मे महिन्यात आपल्या खानदेशात पारा चाळिशी ओलांडतो. एवढ्या उन्हात मतदान कशाला, अशी तक्रार सुशिक्षित मंडळी करतात. ती खोटी नाही. पण आमच्या चाळीसगाव तालुक्यातील ऊसतोडीची कुटुंबे गावी असतात ती याच दिवसांत. माझे आईवडील त्यांपैकीच. उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते आणि घराला कुलूप लागते. लोकसभेला दोघांनीही मत दिले. विधानसभेचे मतदान झाले २० नोव्हेंबरला, आणि गाळप हंगामाची तारीख ठरली होती १५ नोव्हेंबर. त्या दिवशी दोघे उसाच्या फडात होते. मतदानासाठी भरपगारी सुटी कायद्यात आहे, पण जाण्यायेण्यात दोन दिवस मोडतात, शिवाय गाडीभाडे. टपाली मताची सोय सैनिक, निवडणुकीच्या कामावरील कर्मचारी, ८५ वर्षांवरील वृद्ध, दिव्यांग अशांना आहे. ऊसतोड मजूर त्यात बसत नाही.

अमेरिकेने १८४५ च्या कायद्याने नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ठरवून टाकला. तेव्हा तो देश शेतकऱ्यांचा होता आणि नोव्हेंबरात सुगी आटोपलेली असे. आपल्याकडे तोच महिना एकाच्या सुगीचा, तर दुसऱ्याच्या स्थलांतराचा.

लोकांसाठी तारीख हलत नाही असे मात्र नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हिमाचलातील चिनी भागाचे मतदान बर्फाने वाटा बंद होण्यापूर्वी, २५ ऑक्टोबर १९५१ पासूनच सुरू झाले. देशाच्या बहुतेक भागात ते पुढच्या वर्षी झाले. २०२२ मध्ये पंजाबचे मतदान गुरू रविदास जयंतीमुळे १४ वरून २० फेब्रुवारीला गेले. भाविक वाराणसीला जातात म्हणून. २०२३ मध्ये राजस्थानात लग्नाची दाट तिथी आली म्हणून २३ नोव्हेंबरचे मतदान २५ ला झाले. लग्नाच्या वऱ्हाडासाठी दोन दिवस मिळतात, मग कोयता घेऊन निघालेल्यांचा विचार का होऊ नये?

सध्याच्या विधानसभेची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ रोजी झाली. मध्येच बरखास्ती झाली नाही, तर तिची पाच वर्षे डिसेंबर २०२९ च्या आरंभी संपतील. कायद्याप्रमाणे अधिसूचना मुदत संपण्यापूर्वी सहा महिन्यांच्या आत केव्हाही काढता येते. म्हणजे सप्टेंबरात, मुकादमाच्या गाड्या गावात येण्यापूर्वी, मतदान घेण्यास कायद्याची आडकाठी नाही.