दगडाचा पाक

घरी पाक करताना तुम्ही पाहिलाच असेल. आधी पळीतून पाण्यासारखा गळणारा पाक आटत गेला की एकतारी होतो, मग दोनतारी. वाहण्याला विरोध करण्याच्या द्रवाच्या या गुणधर्माला विष्यंदिता म्हणतात. आज आपल्याला पाहायचा आहे तो पाक मात्र दगडाचा, म्हणजे शिलारसाचा.

10 जानेवारी 1977 रोजी आफ्रिकेतील झाईर (आताचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) देशात न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या कुशीला भेगा पडल्या आणि त्याच्या मुखातले लाव्ह्याचे तळे तासाभराच्या आत रिकामे झाले. उतारावर लाव्हा ताशी सुमारे 60 किलोमीटर वेगाने धावला असे सांगतात. पायथ्याच्या गावकऱ्यांना पळायलाही सवड मिळाली नाही. उलट मार्टिनिक बेटावरील माँ पेले ज्वालामुखीचा शिलारस इतका दाट होता की तो वाहिलाच नाही. पण 8 मे 1902 रोजी त्याच्या स्फोटाने सेंट पिअर शहर आणि सुमारे 28,000 माणसे काही मिनिटांत नष्ट झाली. दोन्ही रस सिलिकेटांचेच. मग एवढा फरक का?

सिलिकॉनच्या अणूला चार हात आहेत असे समजा. प्रत्येक हातात एक ऑक्सिजन. शुद्ध सिलिकेत प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनांना जोडणारा पूल असतो, त्यामुळे चहूकडे पसरलेले सलग जाळे तयार होते. ते वाहायचे तर हे बळकट पूल तुटायला हवेत. म्हणूनच सिलिका सुमारे 1,700 अंश सेल्सिअसला वितळली तरी ओतता येत नाही.

आता तिच्यात सोडा, म्हणजे सोडियम ऑक्साइड घाला. त्याचा ऑक्सिजन एका पुलाच्या जागी दोन मोकळी टोके करतो आणि त्या टोकांपाशी सोडियम बसतो. हिशोब करून पाहू. सिलिकेच्या 2 रेणूंना सोडियम ऑक्साइडचा 1 रेणू दिला, तर सिलिकॉन 2 आणि ऑक्सिजन 5 झाले. हात एकूण 8. पुलाला दोन हात लागतात, टोकाला एक. तेव्हा 3 पूल आणि 2 टोके. एकास एक प्रमाण घेतले तर काय होईल, ते तुम्हीच काढा. जाळे जाऊन नुसत्या साखळ्या उरतात असे दिसेल. गंमत म्हणजे सोड्याची पहिली चिमूटच विष्यंदिता सर्वांत जास्त उतरवते. काच कारखान्यात वाळूबरोबर सोडा घालतात तो यासाठीच. झोतभट्टीत चुनखडी घालतात तिचेही एक काम हेच: मळी पातळ होऊन वाहून जावी.

ॲल्युमिनियमची तऱ्हा निराळी. जवळच्या सोडियमच्या विद्युतभाराच्या आधाराने तो सिलिकॉनची जागा घेतो आणि तुटलेले पूल पुन्हा जोडतो. त्यामुळे रसात नुसते सोडियम किती आहे हे पाहून भागत नाही.

न्यिरागोंगोच्या लाव्ह्यात सिलिका सुमारे 40 टक्केच असते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात, बेसाल्टात, ती 50 टक्क्यांच्या आसपास असून जाळे तोडणारे लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम भरपूर. 1,200 अंशांना असा रस पाण्याच्या दहा हजार ते लाखपट दाट, म्हणजे साधारण मधासारखा किंवा त्याहून थोडा घट्ट असतो. म्हणून तर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी त्याचे थरावर थर पसरले. आंध्रातील राजमहेंद्रीजवळचे थर सह्याद्रीकडूनच, सुमारे 1,000 किलोमीटर वाहत आले असावेत, असे भूवैज्ञानिक मानतात. गुजरातेत पावागडच्या माथ्यावर रायोलाइट आहे. या खडकात सिलिका 70 टक्क्यांच्या आसपास वा त्याहून जास्त. त्याचा रस बेसाल्टापेक्षा थंडही असतो. पाणी निघून गेले की तो बेसाल्टाच्या लक्षावधी पट दाट होतो.

पाणी? होय, खोलवरच्या दाबाखाली शिलारसात पाणी विरघळलेले असते आणि तेही पूल तोडते. दोन-तीन टक्के पाण्यानेही दाट रस खूपच पातळ होतो. पण रस वर आला, दाब उतरला की पाण्याची वाफ होते. उरलेला रस आटल्या पाकासारखा दाटतो आणि वाफेचे बुडबुडे त्याच्यात अडकतात. बेसाल्टातून ते सहज निसटतात, दाट रसातून निसटत नाहीत. दाब वाढत जातो आणि शेवटी रसाचे तुकडे उडवीत वाफ बाहेर पडते. पेलेवर हेच झाले. पुढे त्याच्या मुखातून जवळजवळ घट्ट झालेल्या दगडाचा सुळका हळूहळू वर ढकलला गेला. 1903 मध्ये त्याची उंची सुमारे 300 मीटरपर्यंत पोहोचली, आणि मग तो ढासळला.