कळलावी : एका रानवेलीची ओळख

श्रावणाच्या सुमारास सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणातील कुंपणांच्या कडेने आणि विदर्भातील झुडपी रानांत कळलावीची वेल फुलते. तिच्या पानांची टोके तणावा होऊन वळतात आणि शेजारच्या झुडपाला धरून ती वर चढते. फूल प्रथम हिरवट-पिवळे असते, पुढे नारिंगी व अखेरीस लालभडक होते. सहा नागमोडी पाकळ्या मागे वळून ज्वाळांसारख्या उभ्या राहतात, म्हणून ती 'अग्निशिखा'. कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात 'लांगली'.

मराठी नाव मात्र तिच्या गुणावरून पडले. कळ म्हणजे प्रसूतिवेदना. अडलेल्या बाळंतिणीच्या नाभीभोवती, ओटीपोटावर वा तळपायांना हा कंद उगाळून लेप देण्याची जुनी रीत होती. कळ म्हणजे भांडणही. त्यामुळे ही वेल घरात आणली की कलह माजतो, असाही समज आहे. समज खुळा खरा, पण आम्हांस तो उपकारकच वाटतो, कारण त्यामुळे एक जहाल विष उंबरठ्याबाहेर राहिले.

आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली असून शोधनाशिवाय ती वापरू नये, असे सांगितले आहे. कंदात व बियांत 'कोल्चिसिन' हे द्रव्य असते. ते पेशींचे विभाजन रोखते. गाउट या सांधेविकारावर त्याची गोळी देतात, तीही साधारण अर्ध्या मिलिग्रॅमची! कंद रताळे किंवा कणगर समजून खाल्ला गेल्यास काही तासांनी उलट्या व जुलाब सुरू होतात, पुढे रक्तपेशी घटतात. वाचलेल्या रुग्णाचे केसही गळतात. यावर घरगुती उतारा नाही. वेलीचा तुकडा सोबत घेऊन रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. शेंग उकलल्यावर दिसणाऱ्या लाल बियांकडे मुले आकर्षित होतात, हे पालकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

तमिळनाडूचे हे राज्यपुष्प. तेथील शेतकरी औषधनिर्मितीसाठी बियांकरिता तिची लागवड करतात. आपल्याकडे मात्र पुष्कळदा रानातला कंदच खणून नेला जातो, आणि वेल त्या जागेवरून नाहीशी होऊ शकते. हिवाळ्यात वेल वाळून दिसेनाशी होते. कंद जागेवर राहिला, तरच मृगाच्या पावसाबरोबर त्याला नवा कोंब फुटतो.