हॅशच्या पुढचा पत्ता

चिऊ, परवा फोनवर तुझा आवाज अगदी रडवेला झाला होता. लिंक बरोबर, आयडी बरोबर, तरी पान आपलं वरच थांबतंय. अगं, ह्या दुखण्यातून मी कितीदा गेलेय, म्हणून जरा निवांत बसून लिहितेय. चहा घेऊन बस आणि वाच.

आधी दुखण्याचं मूळ. साध्या पानावर हे काम ब्राउझर गुपचूप करायचा: सर्व्हरकडून मजकूर यायचा, # च्या पुढचा आयडी त्यात सापडायचा आणि वाचणारा थेट तिथे उतरायचा. आपल्या सिंगल पेज अ‍ॅपमध्ये येताना येतो तो नुसता रिकामा डिव्ह. ब्राउझर शोधतो, काही सापडत नाही, आणि तो गप्प बसतो. तुझं जावास्क्रिप्ट पान उभं करतं ते त्यानंतर. म्हणजे शोधणं, सरकवणं, फोकस नेणं, मागची जागा लक्षात ठेवणं ही ब्राउझरची सगळी कामं आता तुझ्या अंगावर आली. ती एकेक करून बघू.

१. # च्या पुढचं एक अक्षरही सर्व्हरला कळत नाही, तेव्हा त्याच्या लॉगमध्ये शोधत बसू नकोस – हॅशची गोष्ट उंबऱ्याच्या आतली, ती घरातच सोडवायची.

२. लिंक ही लिंकच असू दे. ए टॅगला खरा एचरेफ दे, डिव्हवर ऑनक्लिक चिकटवू नकोस – लोक लिंक दाबून धरतात, नव्या टॅबमध्ये उघडतात, व्हॉट्सअ‍ॅपवर आईला पाठवतात, आणि डिव्हला यातलं काहीच येत नाही.

३. सरकवण्याआधी तो भाग पानावर आलाय का ते बघ. अर्ध्या सेकंदाचा सेटटाइमआउट लावून देवाचं नाव घेऊ नकोस – भात शिजायच्या आधी पानं मांडली म्हणून जेवण लवकर होत नाही.

इथे थोडं थांबते, कारण हा घाव मी स्वतः खाल्लाय. प्रवेशाची माहिती देणारं एक लांबलचक पान मी केलं होतं आणि पालकांना थेट ‘कागदपत्रे’ या भागाची लिंक जायची. ऑफिसच्या नेटवर सगळं झकास. फोनच्या रडतखडत नेटवर मात्र अर्धा सेकंद उलटून जायचा, डेटा आलेलाच नसायचा आणि पालक पानाच्या डोक्यावर अडकायचे. मग मी वेळ वाढवून तीन सेकंद केली, ते आणखी वाईट झालं: माणूस स्वतः खाली जाऊन वाचायला लागला की पान त्याला ओढून भलतीकडे न्यायचं. शेवटी उपाय साधाच निघाला. ज्या कंपोनंटकडे तो भाग आहे त्यानेच, डेटा येऊन रेंडर झाल्यावर, ‘पत्त्यात माझं नाव आहे का’ हे बघायचं. तसं जमत नसेल तर म्युटेशनऑब्झर्व्हर लावून वाट बघायची, पण ठरावीक वेळेनंतर तो बंद करायचा. आणि वाचणाऱ्याने दरम्यान बोटाने पान हलवलं, तर आपण हात मागे घ्यायचा. त्याचं बोट मोठं, आपला कोड नाही.

४. चित्रांना रुंदी आणि उंची लिहूनच ठेव – वरचं चित्र उशिरा उघडलं की खालचा भाग सरकतो आणि बरोबर उतरलेला माणूस चुकीच्या जागी सापडतो.

५. वर चिकटून राहणारा हेडर असेल तर त्या भागाला सीएसएसमधलं स्क्रोल-मार्जिन-टॉप दे, जावास्क्रिप्टमध्ये ऐंशी पिक्सेल वजा करू नकोस – फोनवर हेडरची उंची बदलते, आणि तुझे ऐंशी तिथेच राहतात.

६. विंडो-स्क्रोलटूपेक्षा त्या एलिमेंटवरचं स्क्रोलइनटूव्ह्यू बरं – मजकूर आतल्या एखाद्या सरकत्या खोक्यात असेल तर विंडो बिचारी जागची हलत नाही.

७. आयडी शोधायला क्वेरीसिलेक्टर नको, गेटएलिमेंटबायआयडी घे – ‘२०२४’ असा आकडा इंग्रजी अंकांत आयडीच्या सुरुवातीला आला की क्वेरीसिलेक्टर थेट एरर फेकतो.

८. लोकेशनमधला हॅश डीकोड करूनच वापर – देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, म्हणून नुसत्या ‘मराठी’ या शब्दाची पत्त्यात पंचेचाळीस अक्षरं होतात आणि तुझ्या आयडीशी ती जुळत नाहीत.

मराठी आयडीबद्दल माझं मत सांगते. चालतात, हौसेने मीही ठेवले होते. पण ‘दुसऱ्या’ हा शब्द घे. त्यातला ऱ कुणी एका चिन्हाने टाइप करतं, कुणी र खाली नुक्ता देऊन, तर कुणी र ला हलंत आणि न दिसणारा जोडक लावून. डोळ्याला तिन्ही सारखेच, ब्राउझरला मात्र तीन वेगळे शब्द. नॉर्मलाइझ केलं की पहिले दोन एक होतात, तिसरा तरीही बाहेरच राहतो. म्हणून शीर्षक सुंदर मराठीत ठेव आणि आयडी छोटा, रोमन लिपीत. मायमराठीचा त्यात काही अपमान नाही.

९. शीर्षकातून आपोआप आयडी बनवू नकोस, हाताने दे आणि पुन्हा बदलू नकोस – पाटी रंगवली म्हणून घर हलू नये. चांगले पत्ते बदलत नसतात हे टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच सांगून ठेवलंय.

१०. तुझ्या राउटरमध्ये काय आयतं मिळतं ते आधी वाच – व्ह्यू राउटरमध्ये स्क्रोलबिहेव्हियर आहे, अँग्युलरमध्ये ६.१ पासून अँकरस्क्रोलिंग आहे पण ते सुरू करावं लागतं, आणि रिअ‍ॅक्ट राउटरमध्ये ६.४ पासून स्क्रोलरिस्टोरेशन आहे. भाग पानावर आलेलाच नसेल तर ह्यातलं कुणीही आपणहून तुझ्यासाठी थांबत नाही, म्हणून तिसरा मुद्दा विसरू नकोस.

११. पानात बेस टॅग असेल तर नुसता #कागदपत्रे असा एचरेफ लिहू नकोस – तो बेसच्या पत्त्याला चिकटतो आणि माणूस आतल्या पानावरून थेट मुखपृष्ठावर जाऊन पडतो.

१२. एकाच लिंकवर दोनदा क्लिक करून बघ – पत्ता बदलला नाही की हॅशचेंज होत नाही, तुझा इफेक्टही चालत नाही. रिअ‍ॅक्ट राउटरमध्ये लोकेशनच्या ‘की’वर लक्ष ठेवलंस तर सुटतं.

१३. वाचता वाचता पत्त्यातला भाग बदलत ठेवायचा असेल तर रिप्लेसस्टेट वापर, पुशस्टेट नको – नाहीतर मागे जायला माणसाला वीस वेळा बटण दाबावं लागतं. तेही भाग बदलला तरच कर, प्रत्येक हालचालीला नको. थोड्या वेळात शंभरावर वेळा केलंस तर सफारी एरर देऊन अडवतो.

१४. माणूस ‘मागे’ दाबून आला असेल तर हॅशकडे नको, त्याने सोडलेल्या जागेकडे ने – वाचनातली खूण ज्याची त्याची असते.

१५. नुसतं पान सरकवून थांबू नकोस, फोकसही ने – डोळे पोचले म्हणजे पाय पोचले असं नाही.

हा पंधरावा मला सगळ्यात जवळचा. ऐकून वाचणाऱ्या माणसाला पान सरकलेलं दिसत नाही. त्याचा स्क्रीन रीडर आपला मेनूच पुन्हा वाचत बसतो. त्या भागाच्या शीर्षकाला टॅबइंडेक्स उणे एक दे, त्यावर फोकस कर, आणि पानाला दोनदा हिसका बसू नये म्हणून फोकसला प्रिव्हेंटस्क्रोल सांग. दोन ओळींचं काम आहे. एकदा डोळे मिटून, नुसत्या टॅब बटणावर तुझं पान वापरून बघ.

१६. गुळगुळीत सरकणं ठेव, पण ज्याने फोनमध्ये हालचाल कमी ठेवायला सांगितलीय त्याला थेट नेऊन उतरव – काहींना त्या सरकण्याने खरंच गरगरतं.

१७. भाग मिटलेल्या घडीत किंवा दुसऱ्या टॅबमागे असेल तर आधी ते उघड, मग ने – बंद कपाटासमोर उभं केलेल्याला आतली साडी कशी दिसणार?

१८. लॉगिनकडे पाठवताना परतीच्या पत्त्यात हॅशही एन्कोड करून बांधून दे – माणूस आत आला तरी ‘कागदपत्रे’ बाहेरच राहिली, असं होऊ नये.

आता तुझी ती लिंक नव्या टॅबमध्ये चिकटव, डेव्हटूल्समध्ये नेट मुद्दाम मंद कर आणि बघ कुठे उतरतेस. मग मला पाठव. मी आजीच्या जुन्या फोनवर उघडून बघते आणि रात्री फोन करते.