थांबू की आत्ताच बदलू?

प्रश्न : माझ्याकडे रायझन ५ १६००, बी४५० मदरबोर्ड आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करताना पीसी अगदी रखडतो. नवे प्रोसेसर येईपर्यंत थांबू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : थांबू नका. पुढचे प्रोसेसर कितीही वेगवान असले, तरी ते तुमच्या एएम४ सॉकेटमध्ये बसणार नाहीत. २०२२ साली आलेल्या एएम५ साठी मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅमही नवी घ्यावी लागते. म्हणजे घोड्यापेक्षा नालच महाग. शिवाय विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तुमचा १६०० नाही.

त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० चालतो. कोअर सहाच, वीजही ६५ वॅटच्या वर्गातली, पण प्रत्येक कोअर कितीतरी चपळ. बजेट असेल तर आठ कोअरचा ५७००एक्स घ्या. एडिटिंगला तोच बरा.

बायॉस मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करा, आणि यूपीएसवर. मध्येच वीज गेली तर बोर्ड बाद होऊ शकतो. कूलर काढण्याआधी पीसी थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग कूलर हलकेच फिरवून सोडवा. सरळ ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. दुकानदारांकडूनही हे होतं, तेव्हा समोर उभे राहा.