संगणक मंदावला तर आधी आकडे पाहा, मग पैसे काढा

महिन्याची १९ तारीख. जीएसटीचे थ्री-बी विवरण दुसऱ्या दिवशी भरायचे आहे, कारागिरांच्या पगाराचा हिशेब अर्धा राहिला आहे, आणि कारखान्याच्या दारात ग्रे कापडाचे तागे भरलेला टेम्पो बिलासाठी उभा आहे. कचेरीतला संगणक मात्र एक पान उघडायला दोन मिनिटे घेतो. मुनीम हात जोडून बसला आहे. मग दुरुस्तीवाला येतो, बाजूला थोपटून पाहतो आणि म्हणतो, "सेठ, मशीन जुनी झाली. नवीन सर्व्हर घ्या."

नारपोली, शांतीनगर, खोणी या भागांतल्या पुष्कळ कारखानदारांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. दुरुस्तीवाला खोटेच बोलतो असे नाही, पण बहुधा तो अंदाज बांधतो. माग बंद पडला तर आपण लगेच नवा माग घेत नाही. धागा तुटला की बीम संपला, मोटर गेली की पट्टा घसरला, हे आधी पाहतो. संगणकाचीही तशी पाहणी करता येते आणि तिला एक पैसाही लागत नाही. काळ्या पडद्यावर चार-पाच शब्द टाइप करण्याची तयारी मात्र हवी.

आधी गाळा आणि गोदाम यांतला फरक समजून घेऊ. संगणकाची रॅम म्हणजे मागाशेजारची जागा. आता लागणारे सूत आणि बीम तिथे ठेवले की हात लांबवताच मिळतात. डिस्क म्हणजे माणकोली किंवा दापोड्याचे गोदाम. जागा भरपूर, पण आणायला टेम्पो पाठवावा लागतो. रॅम भरली की संगणक काम थांबवत नाही. सध्या न लागणारा माल तो डिस्कवरच्या राखीव जागेत हलवतो आणि लागला की परत आणतो. या राखीव जागेला स्वॅप म्हणतात. दोन्ही मिळून एकच मोठी जागा आहे असे प्रोग्रॅमला भासवण्याच्या या पद्धतीचे नाव व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे आभासी स्मृती.

ही कल्पना प्रथम प्रत्यक्षात आली ती मँचेस्टरला, म्हणजे ज्या शहराचे नाव कापडाच्या धंद्यात आपण लहानपणापासून ऐकतो तिथे. १९६२ साली तिथल्या विद्यापीठातील ॲटलस संगणकात जलद स्मृती होती फक्त १६ हजार शब्दांची. तिला ९६ हजार शब्दांच्या फिरत्या ड्रमची जोड देऊन एकच मोठी स्मृती असल्याचा भास निर्माण केला होता. स्मृती महाग होती, म्हणून ही युक्ती. पण युक्तीला मर्यादा आहे. टेम्पो दिवसातून दोनदा गेला तर धंदा चालतो. दर पाच मिनिटांला एक बीम पाठवून दुसरा आणावा लागला तर माग उभेच राहतील आणि सगळा दिवस वाहतुकीत जाईल. संगणकाच्या या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. १९६८ साली पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने तिची कारणमीमांसा केली.

आता आपला संगणक त्या अवस्थेत आहे का, हे पाहू. उदाहरणासाठी ४ जीबी रॅमचे एक यंत्र घेऊ. त्यावर लिनक्स आहे आणि मुंबईच्या फ्रापे कंपनीने तयार केलेली, विनामूल्य वापरता येणारी ईआरपीनेक्स्ट ही हिशेब प्रणाली चालते. संगणक मंद असतानाच टर्मिनल उघडा. रात्री सगळे गेल्यावर तपासून उपयोग नाही. रिकाम्या कारखान्यात कोणताही माग ठीकच दिसतो.

इंग्रजी लहान अक्षरांत व्ही, एम, एस, टी, ए, टी ही सहा अक्षरे जोडून लिहा. हा झाला व्हीएमस्टॅट. मग एक जागा सोडून ५, पुन्हा जागा सोडून १२, आणि एंटर. दर ५ सेकंदांनी एक, अशा १२ ओळी उमटतील. पहिली ओळ सोडून द्या. तीत यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते आणि तीच पाहून पुष्कळ जण फसतात. दुसऱ्या ओळीपासून आत्ताची हकिकत सुरू होते.

रकाने बरेच आहेत, पण व्यापाऱ्याच्या कामाचे थोडेच. एस-आय म्हणजे स्वॅपमधून रॅममध्ये परत आलेला माल आणि एस-ओ म्हणजे रॅममधून बाहेर गेलेला माल, दोन्ही दर सेकंदाला किती केबी ते दाखवतात. टेम्पोच्या फेऱ्यांची ही वहीच समजा. शेवटी प्रोसेसरचा वेळ टक्क्यांत असतो. यू-एस प्रोग्रॅमच्या कामात, एस-वाय यंत्रणेच्या स्वतःच्या कामात, आय-डी रिकामा आणि डब्ल्यू-ए डिस्ककडे डोळे लावून थांबलेला. सुरुवातीच्या आर रकान्यात प्रोसेसरवर चालू असलेली आणि त्याच्यासाठी रांगेत असलेली कामे मोजली जातात, तर बी रकान्यात डिस्कसारख्या गोष्टींपाशी अडकलेली.

समजा आपल्या यंत्रावर ओळीमागून ओळ अशी येते: एस-आय दोन हजारांच्या वर, एस-ओ तीन हजारांच्या आसपास, यू-एस १८, एस-वाय ९, आय-डी १२ आणि डब्ल्यू-ए ६१. शंभरातले एकसष्ट भाग प्रोसेसर गोदामाच्या टेम्पोची वाट पाहतो आहे. रोग इथे रॅमच्या जागेचा आहे, प्रोसेसरचा नाही.

एक इशारा इथेच द्यायला हवा. एस-डब्ल्यू-पी-डी या रकान्यात स्वॅपमध्ये एकूण किती माल पडला आहे ते दिसते. तो आकडा मोठा दिसला की लोक घाबरतात. पण एस-आय आणि एस-ओ दोन्ही शून्य असतील तर तो गेल्या मोसमाचा माल आहे, गोदामात पडून राहिलेला. त्याने काही बिघडत नाही. दोन्ही रकाने सतत हलत असतील तरच काळजी करावी.

तसाच गोंधळ फ्री या शब्दाचा. एफ, आर, ई, ई लिहून जागा सोडा, मग आडवी रेघ आणि एच लिहा. रॅमचा ताळेबंद वाचता येईल अशा जीबी-एमबीत मिळतो. फ्रीच्या रकान्यात थोडीच रॅम दिसते आणि दुरुस्तीवाला त्यावर बोट ठेवतो. पण लिनक्स रिकाम्या रॅममध्ये अलीकडे उघडलेल्या फायलींच्या प्रती ठेवतो. हुशार मुनीम रोज लागणाऱ्या वह्या मेजावर ठेवतो आणि जागा हवी झाली की उचलतो, तसेच हे. म्हणून शेवटचा अव्हेलेबल हा रकाना पाहावा. नव्या कामाला खरोखर किती रॅम मिळू शकेल याचा तो अंदाज असतो.

जागा कोणी खाल्ली हे शोधायला टी, ओ, पी म्हणजे टॉप लिहा आणि शिफ्ट दाबून एम दाबा. सर्वांत जास्त रॅम धरून बसलेला प्रोग्रॅम वर येतो. आर-ई-एस या रकान्यात त्याने किती रॅम धरली ते असते. बाहेर यायला क्यू. आपल्या उदाहरणात वर दिसला मारियाडीबी, म्हणजे ईआरपीनेक्स्टची माहिती सांभाळणारा डेटाबेस. त्याचा बफर पूल नावाचा एक आकडा असतो, मुळात १२८ एमबीचा. फक्त डेटाबेसच चालणाऱ्या यंत्रावर रॅमचा पाऊण हिस्सा त्याला द्यावा, असा सल्ला पुस्तकांत सापडतो. कोणीतरी तो सल्ला उचलून इथे ३ जीबी लिहून ठेवले. पण त्याच ४ जीबीत ईआरपीनेक्स्टचे कामगार प्रोग्रॅम, रेडिस आणि खुद्द लिनक्स बसायचे आहेत. उरलेल्या १ जीबीत ते मावणार कसे? तो आकडा १ जीबीवर आणणे, एवढाच उपाय. आधी बॅकअप घ्यावा आणि कामाची वेळ संपल्यावर डेटाबेस बंद करून पुन्हा चालू करावा. नव्या सर्व्हरचे पैसे वाचले.

प्रत्येक वेळी असे स्वस्तात सुटेल असे मात्र नाही. रॅम सर्व प्रोग्रॅमनी रास्तपणे वापरली असेल आणि तरी फेऱ्या चालू असतील, तर रॅम वाढवावीच लागते. फेऱ्या शून्य, पण डब्ल्यू-ए मोठा असेल तर डिस्क थकली आहे किंवा भर दुपारी कोणी बॅकअप लावला आहे. तिथे रॅम घालून काही होणार नाही, जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी घालावी. आय-डी जवळजवळ शून्य, डब्ल्यू-ए कमी आणि आरचा आकडा कोअरच्या संख्येपेक्षा सतत जास्त असेल तर प्रोसेसर अपुरा आहे. एन, पी, आर, ओ, सी लिहिले की कोअरची संख्या कळते. आणि आय-डी ९० असूनही ई-वे बिलाचे पान उघडत नसेल, तर दोष इंटरनेटचा किंवा पलीकडच्या सरकारी यंत्राचा. त्यासाठी आपल्या कचेरीत काहीही विकत घेऊ नये.

काही जण स्वॅपच बंद करण्याचा सल्ला देतात. तो मानू नये. रॅम संपली आणि स्वॅपही नसली तर लिनक्स एखादा मोठा प्रोग्रॅम स्वतःच मारून जागा मोकळी करतो. हिशेबाच्या यंत्रावर तो प्रोग्रॅम बहुधा डेटाबेसच असतो.

विंडोजवाल्यांनी कमांड प्रॉम्प्टमध्ये सिस्टिमइन्फो हा शब्द जोडून लिहावा. उपलब्ध रॅम आणि आभासी स्मृतीचा वापर त्यात येतो. टास्कलिस्ट लिहिल्यास कोणत्या प्रोग्रॅमने किती रॅम घेतली ते दिसते. पुष्कळदा हिशेबाच्या प्रोग्रॅमपेक्षा ब्राउझरच्या उघड्या पानांनीच जास्त जागा अडवलेली आढळेल.

आता बदलाचा परिणाम मोजायचा. सकाळी काम सुरू होताच व्हीएमस्टॅट, मग जागा सोडून आडवी रेघ आणि टी, मग ६० आणि ६०० असे लिहा. पुढे मोठेपणाचे चिन्ह, म्हणजे उजवीकडे टोक असलेला कोन, आणि एका फाइलीचे नाव. दर मिनिटाला वेळेसह एक ओळ, अशी १० तासांची नोंद त्या फाइलीत जमा होते. बदलाच्या आधीच्या दिवसाची एक आणि नंतरच्या दिवसाची एक, अशा दोन फाइली ठेवा. दुरुस्तीवाला पुन्हा आला तर त्या छापून त्याच्यासमोर ठेवाव्यात आणि कोणत्या रकान्यावरून तो नवीन यंत्र मागतो आहे ते विचारावे.